नाताळची गोष्ट आणि पुलावरची गाडी

दिवाळी आली की चकली-चिवड्याच्या जोडीला दिवाळी अंक हवाच, मग आपण जगाच्या पाठीवर कुठेही असू! पण ही प्रथा आपल्याकडे इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून आली. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो तसे अंक पाहूनच. आणि नाताळच्या रात्री शेकोटीपाशी भुताची, रहस्याची गोष्ट वाचायची सवय विलायतेत घरोघरी लावली ती चार्ल्स डिकन्सने.

डिकन्सचा जन्म १८१२चा, पोर्ट्समथचा. वडील आरमाराच्या कचेरीत कारकून, पण खर्चाला हात सैल. १८२४ साली कर्जापायी ते तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवू लागला. पगार आठवड्याला ६ शिलिंग. शाळा सुटली, घर सुटलं. ती लाज त्याने जन्मभर जवळजवळ सगळ्यांपासून लपवली.

पुढे तो वार्ताहर झाला, कादंबरीकार झाला. १८४३मध्ये अवघ्या सहा आठवड्यांत त्याने 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिलं. नाताळपर्यंत ६,००० प्रती संपल्या! त्यानंतर स्वतःच्या साप्ताहिकांचे खास नाताळ अंक तो दरवर्षी काढू लागला.

मग आला ९ जून १८६५. डिकन्स फ्रान्सहून परतत होता. बरोबर एलन टर्नन ही नटी आणि तिची आई. केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ एका छोट्या पुलावर दुरुस्ती चालू होती आणि रूळ काढून ठेवले होते. बोटीच्या प्रवाशांची ही गाडी भरती-ओहोटीप्रमाणे रोज वेगळ्या वेळी यायची. मुकादमाने टाइमटेबलमध्ये चुकीची वेळ बघितली. गाडी यायला अजून दोन तास आहेत, असं त्याला वाटलं. निशाणवाला १,००० यार्डांवर उभा हवा, तो होता साधारण साडेपाचशेवर. ड्रायव्हरला ब्रेक लावायला अंतरच पुरलं नाही. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या अंगावर काटा येतो. एक ओळ चुकीची वाचली, एक चेकिंग अर्धवट झालं, आणि सगळं कोसळलं!)

डबे खाली कोसळले. १० माणसं गेली, ४० जखमी झाली. डिकन्सचा डबा तिरका होऊन लटकत राहिला. दोघींना बाहेर काढून तो जखमींना हॅटमधून पाणी, बाटलीतली ब्रँडी पाजत फिरला. मग पुन्हा त्याच डब्यात चढून कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आला. एलनचं नाव बाहेर येऊ नये म्हणून चौकशीला मात्र गेला नाही. या माणसाच्या हिशेबात हेही धरायला हवं.

त्यानंतर गाडीत बसलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. तरी जाहीर वाचनाच्या कार्यक्रमांसाठी प्रवास चालूच. अगदी अमेरिकेपर्यंत.

आणि १८६६च्या नाताळ अंकात त्याने 'द सिग्नलमन' ही गोष्ट लिहिली. खोल घळीत, बोगद्याच्या तोंडाशी एकटा काम करणारा सिग्नलवाला. त्याला लाल दिव्यापाशी एक आकृती दिसते, हात हलवून सावध करणारी. ती दिसली की काहीतरी भयंकर घडतं. दोनदा घडलंय. आता ती तिसऱ्यांदा दिसतेय. पण कोणासाठी? शेवट सांगत नाही, तुम्हीच वाचा.

सांगायचंय ते वेगळंच. अपघातात सापडलेला लेखक रेल्वेच्या माणसांवर आग पाखडू शकला असता. खऱ्या मुकादमाला तर तुरुंगवासही झाला होता. पण डिकन्सचा सिग्नलवाला आळशी नाही, बेफिकीर नाही. संकट येतंय हे त्याला कळतं. पण कुठे, कधी, हे माहीत नाही. वर तार करून कळवायचं तरी काय? जबाबदारी सगळी त्याची, हातात काहीच नाही. मला वाटतं, लेबलं चिकटवणाऱ्या त्या पोरालाच ही घुसमट इतकी नेमकी कळू शकते.

डिकन्स गेला ९ जून १८७० रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी. अपघाताला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

फराळ संपला की येत्या नाताळच्या सुट्टीत मुलांबरोबर ही गोष्ट जरूर वाचा. दिवे थोडे मंद करून!