रुक्मिणीदेवी अरुंडेल

भरतनाट्यम शिकणाऱ्याला प्रथम ‘अडवू’ शिकावे लागतात. पाय, हात आणि दृष्टी यांच्या मेळातून साधलेली नृत्याची मूळ हालचाल म्हणजे अडवू. लेखनात जे स्थान अक्षरांचे, तेच नृत्यात अडवूंचे. ही अक्षरे बहुधा लहानपणीच गिरवली जातात. रुक्मिणीदेवींनी ती गिरवायला घेतली, तेव्हा त्या तिशीच्या घरात होत्या.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई येथे झाला. १९२० मध्ये त्यांनी थिऑसॉफिकल सोसायटीचे इंग्रज कार्यकर्ते जॉर्ज अरुंडेल यांच्याशी विवाह केला. या विवाहाने मद्रासमध्ये मोठी खळबळ उडाली. पुढे रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला व त्या बॅले शिकू लागल्या. आपल्या देशातील नृत्याकडे वळावे, असे पाव्हलोव्हा यांनीच त्यांना सुचवले.

ते नृत्य तेव्हा ‘सदिर’ म्हणून ओळखले जाई. देवदासींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही कला प्रतिष्ठित घरांतील मुलींना मात्र वर्ज्य होती. रुक्मिणीदेवींनी लोकापवादाची पर्वा केली नाही. देवदासी परंपरेतील मैलापूर गौरी अम्माळ आणि पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे त्या शिकल्या.

या शिक्षणातला पहिला धडा तट्टडवूचा. तमिळमध्ये ‘तट्टु’ म्हणजे आघात करणे. पावले बाहेर वळवायची, गुडघे दोन्ही बाजूंना वाकवून अर्धे बसायचे आणि पाठ ताठ ठेवायची. या स्थितीला ‘अरैमंडी’ म्हणतात. गुरू लाकडी ठोकळ्यावर दांडीने ताल देतात आणि त्या ठेक्यावर तळपाय सपाट आपटायचा; आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट लयीत. लय वाढली की शरीर नकळत वर उचलले जाते. ते तसे उचलू न देणे, हीच खरी कसोटी! कोवळ्या वयात सांधे सहज वळतात. प्रौढ शरीराला मात्र प्रत्येक अंश कष्टाने मिळवावा लागतो.

१९३५ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी अड्यार येथे पहिले जाहीर नृत्य केले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेली संस्था ‘कलाक्षेत्र’ या नावाने प्रसिद्ध झाली. तेथे अडवूंचे शिक्षण क्रमवार व काटेकोर झाले. नृत्यातील शृंगाराला त्यांनी घातलेली मुरड बालसरस्वतींसारख्या थोर नर्तिकेला मान्य नव्हती, आणि तो वाद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवींचे निधन झाले. १९९३ च्या कायद्याने कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.