मदर आर्सेनियस यांची लोकर-गिरणी

मदर आर्सेनियस (अ‍ॅग्नेस मॉरो-बर्नार्ड) यांचा जन्म १८४२ सालचा. सिस्टर्स ऑफ चॅरिटी संघाच्या या धर्मभगिनी १८९१ मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यातील फॉक्सफर्ड गावी आल्या. घरोघर दारिद्र्य होते. धान्य-कपडे वाटले की तेच हात पुन्हा पुढे येतात, हे आपणही पाहतो. मदरनी गावच्या मॉय नदीकडे पाहिले. पाण्याच्या जोरावर लोकर-गिरणी चालवायची!

त्यांना धंद्यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी टायरोन परगण्यातील गिरणीमालक जॉन चार्ल्स स्मिथ यांना पत्र लिहिले. स्मिथ प्रोटेस्टंट, आणि त्या काळी आयर्लंडमध्ये दोन्ही पंथांत केवढी तेढ! आधी त्यांनाही हे वेडेपण वाटले. पण ते मदतीला आले. सल्ला दिला, अनुभवी व्यवस्थापकही दिला. आम्हाला कौतुक वाटते ते या दोघांचेही.

१८९२ मध्ये गिरणी सुरू झाली. सरकारी मंडळाने ७,००० पौंड कर्ज व १,५०० पौंड अनुदान दिले. कर्ज म्हणजे फेडणे आले. माल विकण्याजोगा हवाच, दयेपोटी किती जण घेणार?

१९३२ साली मदर देवाघरी गेल्या, तेव्हा गिरणी चालूच होती. १९८७ मध्ये ती आर्थिक अडचणीत येऊन दुसऱ्यांच्या हाती गेली. फॉक्सफर्डची ब्लँकेटे मात्र आजही विकली जातात.