प्रांताचा जमाखर्च जाणणारे चिंतामणराव देशमुख

कटंगी आज मध्य प्रदेशात आहे आणि आपल्या सरकारी कामांची शेवटची पायरी भोपाळला आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही पायरी नागपूरला होती. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत आपला शेतसारा, आपल्या जंगलाचे उत्पन्न, आपल्या शाळा-दवाखान्यांचा खर्च, सगळ्याचा हिशेब नागपूरच्या सचिवालयात होत असे. त्या सचिवालयात, तेव्हाच्या मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचे अर्थसचिव म्हणून, एका मराठी माणसाने काही वर्षे काम केले. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांना आपण सारे ओळखतो ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे मानी गृहस्थ म्हणून. त्यांच्या आयुष्याचा नागपूरचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. आपल्या मुलाबाळांना तोच भाग आधी सांगावा असे आम्हाला वाटते, कारण तो आपल्या मुलखाचा आहे.

नाते ते नागपूर

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी कोकणात, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि १९१७ साली पदवी मिळवली. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिला होता. १९२० साली ते परतले आणि त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली.

संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र शिकलेला हा तरुण हिशेबाकडे वळला तो जमिनीच्या वाटेने. अवर सचिव, डिप्टी कमिशनर अशी पदे सांभाळताना त्यांच्याकडे रायपूर जिल्ह्याच्या जमीन बंदोबस्ताचे काम आले. बंदोबस्त म्हणजे गावोगाव जमिनीची प्रत ठरवून पुढच्या अनेक वर्षांसाठी सारा कायम करणे. रायपूर हाही आपल्या बालाघाटसारखा धानाचा मुलूख. तिथे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा असे जमिनीचे प्रकार मानतात. यातले कन्हार हे नाव आपल्या शेतकऱ्यांच्याही तोंडी आहे. कोणत्या बांधीत किती धान होईल, तळ्याचे पाणी कोठवर पोचेल, मालगुजार किती वसूल करतो आणि सरकारात किती भरतो, हे सारे बंदोबस्त अधिकाऱ्याला पाहावे लागे. सारा जास्त ठरला तर एका वाईट सालात कुळे उठून जात. कमी ठरला तर सरकारची तिजोरी पुढची वीस-तीस वर्षे आखडलेली राही.

१९३१ साली ते रजेवर इंग्लंडला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिववर्गात त्यांनी काम केले. गांधीजी याच परिषदेला गेले होते. परतल्यावर नागपूरच्या सचिवालयात ते महसूल सचिव आणि अर्थसचिव झाले. ही दोन्ही पदे इतक्या तरुण वयात क्वचितच कोणाला मिळाली असतील.

अंदाज कसा बांधत

सरकारचे अंदाजपत्रक म्हटले की आपण ते अर्थमंत्र्याचे भाषण समजतो. पण आपल्या मंडळात गणेशोत्सवाआधी कार्यकारिणी बसते, तेव्हा आपण तेच काम लहान प्रमाणात करत असतो. गेल्या वर्षी वर्गणी किती जमली, यंदा किती जमेल, मांडवाचा, मूर्तीचा आणि प्रसादाचा खर्च किती, हे आधी कागदावर येते. फरक इतकाच की मंडळाला तूट आली तर चार घरे हात पुढे करतात. प्रांताला तूट आली तर शिक्षकाचा पगार, विहीर किंवा रस्ता अडतो.

सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होई, ३१ मार्चला संपे. त्याच्या कितीतरी महिने आधी जिल्ह्यांतून आणि खात्यांतून आकडे नागपूरला येऊ लागत. प्रत्येक बाबीचे अनेक रकाने असत. गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झाले, चालू वर्षासाठी काय धरले होते, आतापर्यंतचे महिने पाहता त्यात काय सुधारणा करावी लागते आणि पुढच्या वर्षी काय धरावे. या रकान्यांची तुलना केली की कोणते खाते उगाच फुगवून मागते आणि कोणते जमेची बाजू गुलाबी रंगवते, हे उघडे पडे. अकाउंटंट जनरलच्या कचेरीतले आकडे खात्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिले जात.

जमेच्या मोठ्या बाबी होत्या शेतसारा, अबकारी, जंगल आणि मुद्रांक. यातली एकही सरकारच्या हुकमी नव्हती. शेतसारा बंदोबस्ताने ठरलेला असला तरी पीक बुडाले की आणेवारी पाहून वसुली तहकूब करावी लागे, कधी सूटही द्यावी लागे. अबकारीचे उत्पन्न मोहाच्या दारूच्या दुकानांच्या लिलावावर होते, आणि लोकांच्या हाती पैसा नसला की लिलावाची बोली उतरे. जंगलाचे उत्पन्न लाकडाच्या भावावर अवलंबून होते. शिवाय अंदाजपत्रक कायदेमंडळापुढे येई फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाऊस पडे जूनमध्ये. म्हणजे वर्षाच्या जमेचा आकडा आभाळाकडे न पाहताच लिहावा लागे.

खर्चाची बाजू मात्र ठाम असे. पगार, पेन्शन आणि कर्जावरचे व्याज द्यावेच लागे. काही खर्च तर कायद्यानेच कायदेमंडळाच्या मतदानाबाहेर ठेवलेले होते. या कायम खर्चातून जे उरे त्यातूनच नवा खर्च करायचा. एखाद्या गावाला नवी शाळा किंवा दवाखाना मिळणार की नाही, हे या उरलेल्या थोड्या रकमेवर ठरे. अर्थसचिवाचे मुख्य काम इथेच होते. तो नाही म्हणे, तेव्हा लोक त्याला कंजूष म्हणत. पण न येणारे पैसे येणार असे धरून त्याने हो म्हटले असते, तर वर्षाच्या मध्यात काम अर्धवट टाकावे लागले असते, आणि त्याची झळ सर्वात आधी दूरच्या, गरीब तहशिलींना बसली असती.

ते दिवसही कठीण होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापूस, गहू आणि तांदूळ यांचे भाव कोसळले. वऱ्हाडातल्या कापसाच्या शेतकऱ्यापासून आपल्याकडच्या धानवाल्यापर्यंत सगळ्यांचे हात रिकामे झाले. सारा आणि अबकारी, दोन्हींना ओहोटी लागली. त्यातच वऱ्हाडची तक्रार जुनी होती की आमच्या कापसाचे पैसे मध्यप्रांतावर खर्च होतात. आकडे चोख ठेवल्याशिवाय या वादात दोन्ही बाजूंना तोंड देणे शक्य नव्हते.

नीमेयर यांच्यापुढे प्रांताची बाजू

प्रांताची ही ओढाताण केवळ पावसामुळे नव्हती. वाढती उत्पन्नाची साधने, म्हणजे जकात आणि प्राप्तिकर, दिल्लीकडे होती. प्रांतांकडे शिक्षण, आरोग्य, रस्ते असे वाढत जाणारे खर्च होते. १९२१ नंतर काही वर्षे तर उलट प्रांतांनीच दिल्लीला पैसे द्यायचे, अशी व्यवस्था होती. त्यात मध्यप्रांताच्या वाट्याला वर्षाला २२ लाख रुपये आले होते. ही वर्गणी पुढे बंद झाली, पण प्रांताचे कर्ज आणि तूट राहिली.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळणार होती. तेव्हा केंद्राच्या उत्पन्नातला कोणता वाटा कोणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी १९३६ साली सर ओटो नीमेयर यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या वतीने त्यांच्यापुढे जे निवेदन गेले, ते चिंतामणरावांनी तयार केले होते. त्याची मोठी वाखाणणी झाली.

नीमेयर यांच्या निर्णयाने प्रांतांना प्राप्तिकराच्या वाटपयोग्य रकमेतून निम्मा हिस्सा मिळायचा ठरला आणि त्यात आपल्या प्रांताचा वाटा ५ टक्के धरला गेला. १९२१ पूर्वीच्या कर्जाचा काही भागही माफ झाला. या कर्जमाफीने प्रांताचा वर्षाला सुमारे १५ लाखांचा भार हलका होणार होता. मुंबई आणि बंगालला प्रत्येकी २० टक्के मिळाले. त्यांच्याशी तुलना केली तर आपला वाटा लहानच दिसतो. पण ज्या प्रांतात एका विहिरीसाठी फायली वर्षभर फिरत, तिथे १५ लाख ही मोठी रक्कम होती.

नागपूरनंतर

१९३९ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेत गेले. आधी सरकार आणि बँक यांमधला दुवा म्हणून, मग मंडळाचे सचिव, मग डेप्युटी गव्हर्नर, आणि ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची पायाभरणी झाली, त्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीनंतर दोन देशांच्या चलनाची विभागणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही तेच गव्हर्नर होते.

१९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ ची स्टेट बँक, १९५६ चे आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही कामे त्यांच्या काळातली. आम्हाला त्यांतले एक लहानसे पान विशेष वाटते. पहिल्या वित्त आयोगाने राज्यांचा प्राप्तिकरातला वाटा ५० वरून ५५ टक्के केला, तेव्हा दिल्लीच्या तिजोरीवर चिंतामणराव बसलेले होते. सोळा वर्षांपूर्वी जे गरीब प्रांताच्या बाजूने मागायला उभे होते, तेच आता देणाऱ्याच्या जागी होते.

१९५६ साली मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबईत आंदोलकांवर गोळीबार होऊन माणसे मेली, पण त्याची न्यायालयीन चौकशी झाली नाही. चिंतामणराव कुलाब्याचे खासदार होते. हा निर्णय आणि तो घेण्याची पद्धत त्यांना पटली नाही, आणि जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तुमसर आणि गोंदिया, जिथे आपल्या लेकी दिल्या होत्या, ती गावे दुसऱ्या राज्यात गेली. प्रांत वाटला गेला तसा त्याचा जमाखर्चही वाटला गेला, आणि आपल्या तहशिलीचे आकडे भोपाळच्या रकान्यात जाऊन बसले.

पुढे चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला होता. समाजसेवेत त्याही तेवढ्याच मोठ्या. संस्कृतची आवड त्यांनी शेवटपर्यंत जपली. त्यांनी संस्कृतात काव्यरचना केली आणि कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. ज्या रामटेकला आपण यात्रेला जातो, त्याच गडाशी मेघदूताचे नाते सांगतात. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

चिंतामणरावांची मोठी पदे सांगताना त्यांच्या हिशेबाची सचोटी आपण विसरू नये असे आम्हाला वाटते. अंदाज हा शेवटी अंदाजच असतो, तो चुकतो. पण लोकांना आवडेल म्हणून जमेचा आकडा वाढवणे आणि हाती आहे तेवढे पाहून आकडा लिहिणे, यांत फार अंतर आहे. आपल्या नगर परिषदेचे, पंचायतीचे किंवा शाळेच्या समितीचे अंदाजपत्रक पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. ते हाती आले की पुढच्या वर्षाच्या आकड्याशेजारी गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झाले तो रकाना नक्की पाहावा. तो कोरा असेल, तर विचारावे.

१४ जानेवारीला घरोघरी संक्रांत असते. तिळगूळ देताना त्या दिवशी चिंतामणरावांची जयंती असते हेही मुलांना सांगावे, आणि आपल्या मुलखाचा जमाखर्च एके काळी त्यांच्या हातून गेला होता हेही सांगावे.