भारतात टीव्ही आला, तेव्हा पु. ल. देशपांडे काय करत होते?

पुलं म्हटलं की पुस्तकं, नाटकं आठवतात. पण देशातल्या पहिल्या टीव्ही निर्मात्यांमध्येही त्यांचं नाव येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.

१९१९ साली मुंबईत जन्मलेले पुलं १९५५ मध्ये आकाशवाणीत लागले. पुढे बीबीसीत प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. त्याच प्रवासातून 'अपूर्वाई' आलं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. संच अगदी मोजके. या नव्या माध्यमासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत पुलंनीच घेतली.

सरकारी नोकरी होती, तरी ती सोडून ते 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ मध्ये. तोवर पुलं टीव्हीशिवायच मराठी घराघरांत पोहोचले होते.