गिरणीत पाचातला एक कामगार गैरहजर असायचा, जमशेटजी टाटांनी दंडाऐवजी पेन्शन सुरू केली

आजकाल कुठल्याही कंपनीच्या एचआरला विचारा, डोकेदुखी एकच असते. माणसं टिकत नाहीत. घ्यायची, शिकवायची, आणि हाताशी आली की ती राजीनामा टाकून मोकळी.

पण ही तक्रार काही आयटीवाल्यांनी जन्माला घातलेली नाही. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी नागपुरात एक गिरणीमालक याच प्रश्नाशी झगडत होता. नाव, जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र मुंबईत येऊन व्यापारात पडले. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वडिलांच्या पेढीत कामाला लागले.

१८६९ साली त्यांनी चिंचपोकळीतली एक डबघाईला आलेली तेलगिरणी विकत घेतली. तिची कापडगिरणी केली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा, आणि दोनेक वर्षांत नफा घेऊन विकूनही टाकली. मग ते इंग्लंडला गेले. लँकेशायरच्या गिरण्या कशा चालतात ते जवळून बघितलं.

परत आल्यावर सगळ्यांना वाटलं, हा माणूस मुंबईतच गिरणी काढणार. पण त्यांनी निवडलं नागपूर.

कारण सरळ होतं. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी असली तर वाहतुकीचा खर्च वाचतो. रेल्वे आलेली होती, कोळसाही फार लांब नव्हता. १८७४ साली त्यांनी १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी आणलं बेझनजी दादाभाई मेहता यांना. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतुकीतले. कापडातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माणसं आणि कामं हाताळता येत होती.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण आली ती कामगारांची.

मुंबईत गिरणीकाम लोकांच्या अंगवळणी पडत चाललं होतं, नागपुरात ते नवीन होतं. त्या काळच्या गिरणी कामगाराचा एक पाय गावात असायचा. पेरणी आली, कापणी आली, घरात लग्न निघालं, की तो निघाला. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, हे शेतावर वाढलेल्या माणसाला मानवणारं नव्हतं. एम्प्रेस मिलमध्ये रोज साधारण २० टक्के कामगार गैरहजर असायचे.

आता गिरणीत हे किती महागात पडतं बघा. चाती आणि माग कुणासाठी थांबत नाहीत. पाचातला एक माणूस आला नाही, तर त्याचं यंत्र बंद राहतं किंवा शेजारच्यावर दुप्पट भार येतो. नवा माणूस घेतला तर तो शिकेपर्यंत सूत तुटतं, माल खराब होतो.

त्यात गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून इथल्या विणकरांनी संप केला. भारतातल्या गिरणी कामगारांच्या सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांमध्ये हा संप मोजला जातो.

अशा वेळी बहुतेक मालक काय करायचे? दंड लावायचे, पगार कापायचे, हाकलून द्यायचे. यातून माणूस घाबरतो, पण टिकत नाही. उलट लवकर निघून जातो.

जमशेटजींनी प्रश्न उलटा केला. कामगार का येत नाही, यापेक्षा त्याने इथे का यावं, आणि का थांबावं?

उत्तर म्हणून त्यांनी एकेक गोष्ट सुरू केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला. १८९५ मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायला सुरुवात झाली. भविष्य निर्वाह निधीची सोयही झाली. खेळांचे आणि कुटुंबासह जमण्याचे दिवस ठरले आणि त्यात रोख रक्कम, घड्याळं अशी बक्षिसं दिली जायची. गिरणीत हवा खेळती राहावी आणि आग लागली तर पाण्याचे फवारे सुरू व्हावेत, यासाठी यंत्रणा बसवली. शिकलेल्या तरुणांना उमेदवारीवर घेऊन तयार केलं जाऊ लागलं.

यातली पेन्शनची युक्ती नीट समजून घ्या. पगार हा झालेल्या कामाचा मोबदला. तो खिशात आला की माणूस मोकळा. पेन्शन मात्र थांबणाऱ्याला मिळते. आज सोडून गेलो तर उद्याचं काहीतरी हातचं जाईल, हा हिशेब कामगार पहिल्यांदाच करू लागतो. अपघाताच्या भरपाईने दुसरी भीती कमी होते. हात गेला तर घर उघड्यावर पडणार नाही, एवढी खात्री असेल तर बायकोही नवऱ्याला गिरणीत पाठवायला कचरत नाही.

आणि हे सगळं कायद्याच्या धाकाने झालेलं नव्हतं. मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला भरपाई देणारा कायदा खुद्द ब्रिटनमध्ये १८९७ साली आला, भारतात १९२३ साली.

चरित्रकार सांगतात, की या उपायांनी कामगारांची गिरणीकडे बघण्याची नजर बदलली. गिरणी वाढत गेली. अर्थात, सगळं श्रेय पेन्शनला देता येणार नाही. जमशेटजींनी सुरुवातीची हलकी यंत्रं बदलली आणि रिंग स्पिंडल हे तेव्हाचं नवं तंत्र लवकर आणलं, त्याचाही वाटा मोठा होता.

हा दानधर्म होता का? जमशेटजींनी स्वतःच तसा दावा केला नाही. १८९५ मधल्या एका भाषणात त्यांनी स्पष्ट केलं, की आपण इतरांपेक्षा जास्त दानशूर नाही, पण कामगारांचं आरोग्य आणि कल्याण हाच आपल्या भरभराटीचा पाया आहे.

मर्यादाही होत्या. काय द्यायचं हे मालक ठरवायचा. कामगाराला सोयी मिळाल्या, पण ठरवण्यात त्याचा आवाज नव्हता. त्यामुळे पुढे १९२० साली टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठा संप झाला. सोयी दिल्या की माणसं कायमची खूश राहतात, असं नसतं.

ते जमशेदपूर जमशेटजींनी बघितलंच नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाद नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. पण १९०२ मध्येच त्यांनी मुलाला, दोराबजींना, पत्रातून कळवलं होतं की कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडं, बागा, खेळाची मैदानं आणि प्रत्येक धर्माच्या प्रार्थनास्थळांना जागा हवी. कारखाना अजून उभाही नव्हता. १९१२ साली तिथे आठ तासांचा दिवस लागू झाला.

नागपूरची एम्प्रेस मिल आता नाही. त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे. गिरणीत स्वेच्छेने सुरू झालेला भविष्य निर्वाह निधी मात्र १९५२ साली देशाचा कायदा झाला. पुढच्या वेळी पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात बघून चिडचिड झाली, तर एवढं आठवा. या कल्पनेची एक सुरुवात नागपुरात झाली होती, रोज कामावर न येणाऱ्या माणसांमुळे.