भोईवाड्यातलं स्वयंपाकघर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा बॅचच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हा आधी शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या. पण त्या तुम्ही सगळे लिहिणारच. म्हणून आपल्याच वस्तीतल्या एका माणसाविषयी लिहिते. जेरबाई वाडिया रोडवरून आपण किती वर्षं ये-जा केली! त्याच रस्त्यावर विको लॅबोरेटरीजचं कार्यालय आहे. टीव्हीवर जाहिरात लागली की आपण सगळे सुरात सूर मिसळायचो. पण ही कंपनी आपल्या परळमधल्या एका घरात सुरू झाली, हे मला इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर कळलं.

केशव विष्णू पेंढरकर यांचं नागपुरात किराणा मालाचं दुकान होतं. चालतं दुकान सोडून ते कुटुंबासह मुंबईला आले. इथे आधी काही छोटे उद्योग करून पाहिले आणि मग परळला बिऱ्हाड केलं. घर तीन खोल्यांचं. बाजारात तेव्हा परदेशी बनावटीच्या आणि रासायनिक प्रसाधनांची चलती होती. गिरणगावातल्या चाळींत मात्र बरीच मंडळी अजून राखुंडीने, मशेरीने नाहीतर बाभळीच्या काडीने दात घासत होती. या दोन्हींच्या मधली जागा केशवरावांनी हेरली. आयुर्वेदाची माहिती असलेल्या मेहुण्याच्या मदतीने त्यांनी दंतमंजन तयार केलं आणि 1952 मध्ये विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. कंपनीला नाव दिलं वडिलांचं. त्याच इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून विको. स्वयंपाकघर हा कारखाना, आणि उरलेल्या खोल्या म्हणजे गोदाम आणि ऑफिस.

बाभूळ, खैर, बकुळ, मंजिष्ठा, लवंग, दालचिनी यांचे गुण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. वज्रदंती म्हणजे तर आपली पिवळी कोरांटी. मग केशवरावांनी नवीन काय केलं? याचं उत्तर मला माझ्याच एका फसलेल्या उद्योगातून मिळालं.

काही वर्षांपूर्वी मी आणि दोन सहकाऱ्यांनी औषधांच्या दुकानांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. कुठल्या औषधाची मुदत कधी संपते, हे ते आधीच सांगायचं. आमच्या लॅपटॉपवर ते उत्तम चालायचं. पहिल्याच दुकानात नेलं तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. दुकानदार एका हाताने गोळ्यांची पाकिटं काढत होता, दुसऱ्या हाताने सुटे पैसे देत होता. आमच्या पडद्यावरचे सहा रकाने भरायला त्याला तिसरा हात हवा होता. तो कंटाळला, आम्ही खट्टू झालो आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही. दोष दुकानदाराचा आहे असं मी बरेच दिवस समजत होते.

दंतमंजनाचंही तसंच असणार. वाटीभर चूर्ण घरात कुणीही कुटेल. पण दर खेपेला साली सारख्याच वाळायला हव्यात, चूर्ण तितकंच बारीक व्हायला हवं, प्रमाण चुकता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचे गोळे होऊ नयेत असा डबा हवा. किंमत अशी हवी की माल परवडेल आणि गिऱ्हाईकही घेईल. आणि महिन्याने दुसरा डबा उघडल्यावर चव पहिल्यासारखीच लागायला हवी. एवढं जमलं, तरच घरगुती नुस्ख्याचा विकाऊ माल होतो.

तरीही तो आपोआप विकला जात नाही. केशवराव आणि त्यांची मुलं दंतमंजन घेऊन घरोघरी फिरली. दार लावून घेणारे तेव्हाही असतीलच. पण ती माणसं पुन्हा बाहेर पडत राहिली, आणि आम्ही तिघं पहिल्याच दुकानातून परत आलो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

पुढे मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन धंद्यात आला. मंजनापाठोपाठ पेस्ट आली. 1971 मध्ये केशवराव गेले. हळदीच्या क्रीमचं यश पाहायला ते नव्हते. ती 1975 मध्ये बाजारात आली. ती औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी लागलेला वाद कित्येक वर्षं चालला आणि शेवटी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कारखाने डोंबिवली, नागपूर, गोव्यापर्यंत गेले, पण पत्ता परळचाही राहिला.

शाळेत विज्ञान शिकवताना बाई प्रयोगवहीत निष्कर्ष लिहून झाल्याशिवाय सही करत नसत. आम्हाला वाटायचं, प्रयोग झाला की काम संपलं. केशवरावांचं आयुष्य वाचल्यावर कळलं की प्रयोग होतो तिथे काम सुरू होतं. आम्ही तिघांनी ते सॉफ्टवेअर पुन्हा हातात घेतलंय. सहा रकान्यांचा आता एकच केलाय, आणि पुढच्या महिन्यात मी त्याच दुकानात जाणार आहे.

स्नेहसंमेलनाला याल तेव्हा जेरबाई वाडिया रोडवरून या. आपल्यापैकी कुणाच्या कपाटात एखादी कल्पना वर्षानुवर्षं पडून असेल, तर त्या रस्त्यावर तिची आठवण नक्की येईल.