सायकल विकायची तर आधी शिकवायची: बेळगावच्या एका दुकानातून किर्लोस्कर कसे घडले?

बार्शीतून येडशीच्या दिशेनं सायकल काढली की आधी सपाट काळं रान लागतं आणि मग बालाघाटाचा चढ. डांबरी रस्त्यावर कुठलीही सायकल चालते. खरी परीक्षा पाणंदीत उतरल्यावर होते. पावसात काळी माती टायरला चिकटत जाते, मडगार्डमध्ये आणि ब्रेकमध्ये भरते आणि चाक जागच्या जागी अडतं. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी टणक होते आणि वर बाभळीचे काटे पडलेले असतात.

म्हणूनच माउंटन बाइकवाल्या हौशी मंडळींचं सामान वेगळं असतं. रुंद आणि गाठींचे टायर, पुढच्या चाकाला शॉकअप, डिस्क ब्रेक, चढाला हलका पडणारा गिअर. डोक्यावर हेल्मेट. पाठीवरच्या पिशवीत जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं किट, अ‍ॅलन की. काट्याचं भोक आपोआप बुजावं म्हणून काही जण टायरमध्ये सीलंटही भरतात.

ही माउंटन बाइक कुठल्या मोठ्या कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही पोरं जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. उतारावर ब्रेक इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. मग त्यांनी सायकली खोलल्या, दुसऱ्या गाड्यांचे भाग लावून पाहिले, आपल्या डोंगराला चालेल अशी फ्रेम बनवली. त्यातून पुढं जगभराचा धंदा उभा राहिला.

हौसेनं सायकल हाताळायची, ती खोलून समजून घ्यायची, आपल्या जमिनीला काय चालेल ते शोधायचं आणि त्यातून कारखाना उभा करायचा. आपल्याकडे ही गोष्ट त्याच्याही बरीच आधी एका माणसानं केली होती. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा जीव मात्र पुस्तकात रमत नव्हता. त्याला चित्रं काढायला आणि यंत्रं न्याहाळायला आवडायचं. वडिलांना ही वाट पसंत नव्हती, पण थोरले भाऊ रामचंद्र म्हणजे रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी तिथं एक अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत, हे लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंगच दगा देत असतील तर करायचं काय? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा धरली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. संस्थेत यंत्रं होती, कार्यशाळा होती. शिकवता शिकवता ते स्वतःही शिकत राहिले.

त्याच काळात सायकल नावाचं नवं प्रकरण मुंबईत दिसू लागलं होतं. पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं इवलंसं, अशी आधीची सायकल होती. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा साचा या दोन गोष्टींतून तयार झाला.

१८८८ हेच किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याचं पहिलं साल मानलं जातं. लक्ष्मणराव तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. त्यांनी सायकलींची एजन्सी मिळवली. ते मुंबईतून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. दुकानावर पाटी लागली किर्लोस्कर ब्रदर्सची.

सायकलीची किंमत होती ७०० ते १००० रुपये. त्या काळात ही रक्कम म्हणजे कित्येक नोकरदारांच्या काही वर्षांच्या कमाईएवढी. गिऱ्हाईक असणार ते संस्थानिक, वकील, मोठे अधिकारी, सावकार अशांतलं. पण पैसे असले तरी पुढचा प्रश्न होताच. घेतली तर चालवायची कशी?

आज लहानपणी कुणीतरी मागून कॅरियर धरतं आणि आपण शिकतो. तेव्हा मागून धरायला ज्याला स्वतःला सायकल येते असा माणूस गावात सापडणं मुश्कील होतं. शिवाय सायकलही आजच्यासारखी सोपी नव्हती. पायडल थांबवून नुसतं चाक फिरू द्यायची फ्रीव्हीलची सोय त्या शतकाच्या अगदी शेवटी रुळली. त्याआधी चाक फिरलं की पायडल फिरणारच. उतारावर पाय त्या वेगानं फिरवत राहा, नाहीतर उचलून बाजूला धरा. ब्रेकही बेताचेच. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावर हे सगळं सांभाळायचं म्हणजे पडणं ठरलेलं.

रामूअण्णांनी यावर उपाय काढला. दुकानात सायकल तर विकायचीच, पण ती चालवायलाही शिकवायची. शिकवणीचे १५ रुपये. ज्याला शिकता आलं तो सायकल घेण्याचा विचार करू लागायचा आणि ज्यानं घेतली त्याची सायकल अडगळीत पडून राहायची नाही.

इथं या भावांना धंद्याचा एक धडा मिळाला. नवं यंत्र विकायचं असेल तर ते वापरता येणारा माणूसही तयार करावा लागतो. नुसतं दुकान मांडून भागत नाही. पुढं या धड्याची फार मोठी परीक्षा होणार होती.

तिकडे मुंबईत लक्ष्मणरावांची बढतीची वेळ आली, पण ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. ही गोष्ट १८९७ च्या सुमाराची.

१८९७ सालीच बार्शीत रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि पुढं १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. छोट्या रेल्वेचा नमुना म्हणून तिचं जगभर नाव झालं. पण तिची इंजिनं बनली होती इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीत. बार्शीची रेल्वे असो की बेळगावची सायकल, यंत्र बाहेरून यायचं. आपल्याकडे ते वापरलं जायचं, फार तर दुरुस्त व्हायचं. यंत्र आपण बनवावं, हा विचार करणारे थोडेच होते.

लक्ष्मणराव त्या थोड्यांपैकी. त्यांनी बेळगावात छोटं वर्कशॉप घातलं. परदेशी मासिकं आणि कॅटलॉग ते बारकाईनं वाचायचे. आपल्या शेतकऱ्याला काय लागतं, याचा शोध घेताना त्यांच्या हाती पहिली वस्तू लागली ती कडबा कापायचं यंत्र.

बार्शीकडच्या माणसाला कडब्याचं मोल सांगायला नको. ज्वारीचा लांब कडबा तसाच जनावरापुढं टाकला तर ते पाला खातं आणि जाड धाटं तुडवून टाकतं. तोच बारीक कापून घातला तर धाटही पोटात जातं आणि दुष्काळात वैरण जास्त दिवस पुरते. कापणी यंत्राचा हिशेब शेतकऱ्याला लगेच कळण्यासारखा होता.

नंतर आला लोखंडी नांगर. आणि इथं गाडी रुतली.

लाकडी नांगर जमीन चिरत जातो. लोखंडी नांगर खालची माती उचलून वर पालथी घालतो. हरळी आणि कुंदा यांच्यासारखं खोल मुळांचं तण काळ्या जमिनीतून काढायचं तर खोल नांगरट लागते, आणि तिथं लोखंडी नांगर कामाचा. पण शेतकऱ्यांच्या मनात शंका होती की लोखंड लागलं तर जमिनीत विष भिनेल. पिढ्यानपिढ्या लाकडाचा नांगर धरणाऱ्यांना हे जड, काळं अवजार परकं वाटत होतं. ते चुकलं तर एका हंगामाचं पीक जायचं, आणि ते नुकसान कारखानदाराचं नव्हे तर शेतकऱ्याचं असायचं. त्यामुळे त्यांची भीती अगदीच वेडेपणाची म्हणता येत नाही.

तयार नांगर पडून राहिले. ते खपायला सुरुवात व्हायला दोन वर्षं गेली. सायकलीच्या वेळी गिऱ्हाईक हौशी होतं, पडलं तर गुडघा फुटायचा. आता समोर असा माणूस होता ज्याचं पोटच त्या यंत्रावर अवलंबून होतं. त्याला पटवायचं तर नांगर शेतात चालवून दाखवणं, तो धरायला शिकवणं आणि झिजलेला फाळ बदलून मिळेल याची खात्री देणं हाच मार्ग होता. बेळगावच्या सायकल शिकवणीचा धडा इथं कामाला आला. हळूहळू विश्वास बसला आणि नांगर खपू लागला.

याच काळात, २८ मे १९०३ रोजी, सोलापुरात लक्ष्मणरावांच्या मुलाचा जन्म झाला. ते शंतनुराव किर्लोस्कर.

धंदा मार्गी लागतोय असं वाटत असतानाच बेळगावात दुसरं संकट आलं. कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा सोडायचा हुकूम निघाला. यंत्रं, भट्टी, कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन जायचं कुठं?

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांची त्यांच्याशी ओळख होती. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपयांचं कर्जही दिलं. जमीन होती निवडुंगानं भरलेला माळ. साप मुबलक, पाण्याची टंचाई. १९१० मध्ये लक्ष्मणराव कामगारांच्या कुटुंबांसह तिथं राहायला गेले.

माळ साफ झाला, घरं बांधली गेली, कारखाना सुरू झाला. वसाहतीची घडी बसवण्याचं काम पुन्हा रामूअण्णांनी अंगावर घेतलं. या वस्तीचं नाव किर्लोस्करवाडी. कारखान्याभोवती वसवलेल्या देशातल्या सुरुवातीच्या गावांपैकी हे एक. अस्पृश्यता पाळायची नाही, हा इथला दंडक होता. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून कामावर ठेवलं, तेही लोक नको म्हणत असताना. कुंडल रोड स्टेशनलाही पुढं किर्लोस्करवाडी हेच नाव मिळालं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याचं खबरपत्र सुरू केलं. त्यातूनच पुढं मराठी घराघरांत पोचलेलं किर्लोस्कर मासिक तयार झालं. शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत शिकायला गेले आणि परत येऊन कारखान्यात रुजू झाले. नांगरापाठोपाठ पाण्याचे पंप आले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, जिथं लेथ म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं तयार होऊ लागली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

किर्लोस्करांचं नाव घेतलं की लोकांना पंप आठवतो, इंजिन आठवतं, जुन्या माणसांना नांगर आठवतो. सायकल फारशी कुणाला आठवत नाही. पण महागडी वस्तू खपवण्यासाठी आधी माणसाला ती चालवायला शिकवावं लागतं, हे या घराण्याला सायकलीनंच शिकवलं.

आज माउंटन बाइक घेणाऱ्यांनाही हे लागू पडतं. हजारो रुपयांचं सामान एका क्लिकवर घरी येतं. पण पाणंदीत ट्यूब बसली आणि पंक्चर काढता येत नसेल तर किट पिशवीत असून उपयोग शून्य. नवी सायकल घेतली की पहिल्या रविवारी ती घराच्या अंगणात उलटी करावी, चाक काढून परत बसवावं, साखळी उतरवून चढवावी, ब्रेक सैल करून पुन्हा आवळावा. लांबच्या चढाला जायचं ते त्यानंतर. आणि काळ्या रानात जायचं असेल तर शेतकरी नांगराआधी बघतो तसं वापसा आलाय का, तेही बघावं.